उताऱ्यातली घट कोणाची?

मे २०२२ मध्ये महाराष्ट्र राज्य मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. १ मेनंतर गाळप होणाऱ्या उसासाठी साखर कारखान्यांना टनामागे २०० रुपये उतारा घट अनुदान. कारण उघड होते. ऊस रानात उभा होता, ऊन तापले होते, उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, घसरत होता. तो तोटा शासनाने भरून द्यायचा ठरला. निर्णय शेतकऱ्याच्या हिताचा म्हणून मांडला गेला, आणि त्यात तथ्य होते. पैसे मिळाल्याशिवाय उरलेला ऊस उचलायला बरेच कारखाने नाखूश होते.

पण या निर्णयात एक कबुली दडलेली होती. उसाला वय असते, ते उलटले की त्यातली साखर कमी होते आणि ही घट टनामागे रुपयांत मांडता येते, हे शासनाने लेखी मान्य केले. मान्य केले ते कारखान्यापुरते. तोच ऊस ज्याच्या रानात महिनोन्‌महिने तिष्ठत राहिला, त्याच्या नुकसानीला टनामागचा दर लागला नाही. तोटा एकाच उसातला. भरपाई मात्र फाटकाच्या आतल्याला.

उसाचे वय आपण लागणीच्या तारखेपासून धरतो. प्रत्यक्षात एकाच उसात अनेक वयांच्या कांड्या असतात. बुडखा म्हातारा, शेंडा पोरसवदा. शेंड्याकडच्या कांडीला पानांकडून साखर मिळते, पण ती तिथे टिकत नाही. इन्व्हर्टेज नावाचे विकर ती फोडते. सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. वाढणाऱ्या कांडीला तेच हवे असते. त्यावर पेशी लांबतात, नव्या भिंती उभ्या राहतात. वाढ्याजवळची कांडी चावून पाहिली तर पाणचट लागते, ती यामुळे.

कांडीची लांबी वाढायची थांबली की हा व्यवहार उलटतो. इन्व्हर्टेजचा जोर ओसरतो. आलेले सुक्रोज फुटत नाही. ते पेशींच्या रिक्तिकांमध्ये साठू लागते. भिंतींत लिग्निन भरते, साल टणक होते. पाण्याचा वाटा कमी होतो, साखरेचा वाढतो. हे खालून वर, कांडीमागून कांडी होत जाते. कांडीची वाढ, इन्व्हर्टेज आणि साठणारी साखर यांचे हे नाते हॅच आणि ग्लॅझिऊ या शास्त्रज्ञांनी ब्रिस्बेनच्या प्रयोगशाळेतून १९६३ मध्ये मांडले. त्याला साठ वर्षे होऊन गेली. ही माहिती नवी म्हणून कोणाला अंग काढून घेता येणार नाही.

मग थंडी पडते. रात्री गार होतात, जमिनीतला ओलावा उतरतो, शेंड्याची वाढ मंदावते. पाने मात्र साखर करीतच राहतात. खर्च थांबला आणि आवक चालू राहिली की शिल्लक वाढते. म्हणून आपल्याकडचा सर्वांत चांगला उतारा जानेवारी-फेब्रुवारीत मिळतो. शेंड्याकडच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण, बुडख्याच्या ब्रिक्सच्या जवळ आला की ऊस तयार झाला असे समजतात. रसात १६ टक्के सुक्रोज आणि ८५ टक्के शुद्धता हे पक्वतेचे रूढ माप आहे. कारखान्याच्या शेती विभागाला ते तोंडपाठ असते.

हा ऊस तसाच उभा राहिला तर साखर तिथेच थांबत नाही. मार्च उजाडतो, ऊन वाढते. ज्या पेशी साखर साठवीत होत्या त्यांचे श्वसन वाढते. पाणी मिळाले तर शेंडा पुन्हा वाढू लागतो. पाणी मिळाले नाही तर ऊस वाळतो. तुरा आलेल्या उसाची गत आणखी वाईट. त्याचा शेंडा कायमचा थांबलेला असतो. मग बाजूचे डोळे फुटतात, पांगशा येतात आणि त्यांच्या पोषणासाठी साठवलेले सुक्रोज पुन्हा फुटते. कांडीच्या मध्यभागी दशी पडते. तुरा आल्यावर दीड-दोन महिन्यांत ऊस तोडा, हा सल्ला त्यासाठीच आहे. सल्ला शेतकऱ्याला दिला जातो. तोडणीची तारीख ठरवतो कारखाना.

इथे एक बारकावा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. वाळलेल्या उसाचा ब्रिक्स कमी दिसेलच असे नाही. पाणी उडाल्याने रस दाट होतो आणि ब्रिक्स फुगतो. पण ब्रिक्समध्ये सुक्रोजबरोबर ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि बाकी विरघळलेले सगळेच मोजले जाते. फसवणूक उघडी पडते ती प्रयोगशाळेतल्या पोलॅरिमीटरवर. सुक्रोज ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते. फुटलेल्या साखरेचे मिश्रण ते डावीकडे वळवते. ब्रिक्स आणि पोल, म्हणजे या यंत्रावरचे सुक्रोजचे माप, यांतली तफावत वाढली म्हणजे शुद्धता गेली. हे यंत्र प्रत्येक कारखान्यात आहे. म्हणजे म्हातारा ऊस ओळखता येत नाही, ही सबब चालणार नाही. ओळखतात, नोंदवतात आणि २०२२ मध्ये त्यावर अनुदानही मिळवले.

ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचे कारखान्याच्या कढईत स्फटिक होत नाहीत. उलट ते जवळच्या सुक्रोजलाही स्फटिक होण्यापासून अडवतात. पोत्यात भरली जाणारी साखर घटते ती अशी. पण जे पोत्यात जात नाही ते नाहीसे होत नाही. ते मळीत जाते. मळी आसवनीत जाते. यीस्टला सुक्रोजपेक्षा फुटलेली साखर अधिक सोयीची, कारण फोडण्याचे काम आधीच झालेले असते. २०२२ पर्यंत राज्यातल्या कितीतरी कारखान्यांच्या आवारात आसवनी उभी होती आणि इथेनॉलला ठरलेला दर होता. उतारा घट अनुदानाच्या हिशोबात तोटा मोजला तो साखरेच्या पोत्यांत. आसवनीकडे जाणाऱ्या नळाकडे कोणी पाहिले नाही.

आता त्या २०० रुपयांकडे येऊ. २०२१-२२ च्या हंगामात १० टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २९० रुपये एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) होती आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २ रुपये ९० पैसे. टनाचा हिशोब केला तर ०.१ टक्का म्हणजे २९ रुपये. टनामागे २०० रुपये म्हणजे साधारण ०.७ टक्के उतारा. शासनाने उसाच्या म्हातारपणाची किंमत एफआरपीच्या भाषेत एवढी धरली. आकडा मोठा की लहान, हा वाद सोडू. आकडा काढता येतो, एवढे पुरे आहे.

शेतकऱ्याच्या बाजूचा आकडा काढणेही अवघड नव्हते. पक्व ऊस उन्हात उभा राहिला की त्याचे वजन घटते. एकरी ४० टनांचा फड धरा आणि उभ्या उभ्या दहावा हिस्सा वजन गेले असे समजा. चार टन गेले. त्या वर्षीच्या २९० च्या दराने ११,६०० रुपये. हा फक्त काट्यावरचा तोटा. फड मेपर्यंत अडकला म्हणजे खोडवा उशिरा सुटला, ऐन उन्हात फुटवा आला, पुढच्या वर्षाचे टनेजही गेले. ज्याला ऊस मोडून दुसरे पीक घ्यायचे होते त्याची मशागत चुकली. वर तोडणी टोळीची खुशाली. वाळलेल्या, पडलेल्या उसात कोयत्याला कष्ट जास्त आणि टनेज कमी, म्हणून टोळी वरचे पैसे मागते. टोळीला मजुरी टनावर, शेतकऱ्याला दर टनावर. उन्हाळ्यात टन हलका होतो तेव्हा त्या दोघांचाच पाय घसरतो. त्यांच्यासाठी घट अनुदान नाही.

मराठवाड्यात त्या वर्षी ऊस मेपर्यंत रानात उभा राहिला, हे सर्वांना ठाऊक आहे. राज्यात १३ कोटी टनांहून अधिक ऊस गाळला गेला, १३७ लाख टनांच्या घरात साखर झाली, विक्रम झाला. गाळप जूनपर्यंत लांबले. विक्रमाचे श्रेय घ्यायला गर्दी होती. या विक्रमातला किती ऊस वय उलटून गेल्यावर तुटला, याचा तक्ता कोणी प्रसिद्ध केला नाही. तसा तक्ता करायला लागणारी प्रत्येक नोंद कारखान्यांकडे होती. लागणीची तारीख, वाण, गट, तोडणीची तारीख, वजन. बेरीज फक्त करायची होती.

एफआरपीच्या रचनेतच शेतकऱ्याचा वाटा आलेला आहे, असे उत्तर यावर मिळेल. उतारा वाढला की दर वाढतो, घटला की घटतो. बरोबर. पण हा उतारा कारखान्याचा आहे, त्याही संपूर्ण हंगामाच्या सरासरीचा. जानेवारीत भर वयात तुटलेला ऊस आणि मेमध्ये दशी पडलेला ऊस एकाच कढईत जातात आणि दोघांना एकच दर मिळतो. मेमधल्या उसाने सरासरी खाली ओढली की एफआरपीही खाली येते, तळाला ९.५ टक्क्यांची मर्यादा आहे तेवढीच. म्हणजे घसरलेल्या उताऱ्याचा काही भार दरामधून सगळ्या सभासदांवर आधीच पडतो. त्याच घसरणीपोटी २०२२ मध्ये कारखान्याला अनुदानही मिळाले. एका घटीची दोनदा वसुली कशी होते, हे साखर आयुक्तालयाने एकदा समजावून सांगावे.

वैयक्तिक उसाचा दर्जा पाहणे शक्य नाही, म्हणून सरासरी, असेही सांगतात. पण दर्जा वैयक्तिक पाहायची वेळ येते तेव्हा तो पाहिला जातो. जळीत उसाचे पाहा. टोळी मिळेना म्हणून शेतकरी फड पेटवतो. पाचट जळते, तोडणी सोपी होते, टोळी येते. जळालेल्या उसात साखर वेगाने फुटते हे खरे आहे. साल तडकते, जिवाणूंना वाट मिळते, डेक्स्ट्रान तयार होते, रस चिकट होतो. म्हणून जळीत उसाच्या दरात कपात होते. ती कपात त्या एका शेतकऱ्याच्या नावावर, त्याच्या खेपांवर पडते. तेव्हा सरासरी आठवत नाही. ऊस शेतकऱ्याच्या हाताने बिघडला तर कपात त्याची एकट्याची. कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमाने बिघडला तर घट सगळ्यांची आणि अनुदान कारखान्याचे. फड पेटवायची पाळी कोणाच्या उशिराने आली, हे कपातीच्या रकान्यात लिहीत नाहीत.

कायद्यालाही वेळ कळते, पण अर्धीच. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातली ही तरतूद शेतकरी संघटनांनी लढून जिवंत ठेवली. पैशाचा उशीर मोजला जातो. उसाचा उशीर मोजला जात नाही. कागदावरचे देणे १५ व्या दिवशी थकीत होते. रानातला ऊस चार महिने थकला तरी त्याला थकबाकी म्हणत नाहीत. वास्तविक पैसा पंधरा दिवस उशिरा आला तर तेवढाच राहतो. साखर तेवढीच राहत नाही.

शेतकरीही टनेजच्या मागे असतो, हे खरे आहे. नत्र आणि पाणी अखेरपर्यंत चालू ठेवले तर ऊस वाढीतच राहतो, पक्व होत नाही. शेंडा खाली न छाटता दोन कोवळ्या कांड्या मोळीत गेल्या तर वजन वाढते आणि रस नासतो. को-एम ०२६५ या वाणाचेही तसेच. टनेज चांगले म्हणून शेतकऱ्याला तो हवा, उतारा कमी म्हणून कारखान्याला नको, आणि नोंदीसाठी वर्षानुवर्षे रुसवेफुगवे. हा मध्यम उशिरा पक्व होणारा वाण आहे. वय भरायच्या आत तोडला तर उतारा कमीच येणार. वाणाला बोल लावणे सोपे, कार्यक्रमाला लावणे अवघड. पण शेतकरी वजनाच्या मागे का जातो, याचे उत्तर दरपत्रकात आहे. वजनाचे पैसे त्याच्या नावावर मिळतात, साखरेचे सरासरीत विरघळतात. ज्याचे पैसे मिळतात तेच माणूस पिकवतो.

दुसरीकडे हे कसे करतात ते पाहायला हरकत नाही. उत्तर प्रदेशात लवकर पक्व होणाऱ्या वाणाला राज्य सल्लागार दर वेगळा आहे, सर्वसाधारण वाणाला वेगळा. फरक थोडा आहे, पण वयाला दरात जागा आहे. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या पद्धतीत उसाच्या गाडीतून नमुना काढतात आणि परत मिळू शकणाऱ्या एकूण साखरेवर दर देतात. त्या एकूण साखरेत ग्लुकोज-फ्रुक्टोजही धरतात, कारण त्यांची दारू होते हे त्यांना माहीत आहे. क्वीन्सलँडमध्ये प्रत्येक उत्पादकाच्या उसातली साखर तपासून दर काढायची रीत सुमारे शंभर वर्षांची आहे. साखरेच्या टक्केवारीतून चार वजा करायचे आणि उरलेल्यावर पैसे. ऊस हलका निघाला तर दर झपाट्याने पडतो.

हे ऐकले की आपल्याकडे लगेच सांगतात, मग उशिरा तुटलेल्या उसाचा शेतकरी तर आणखी बुडेल. प्रश्न रास्त आहे. क्वीन्सलँडच्या लोकांनाही तो पडला होता. त्यांनी त्यावर सापेक्ष तपासणी आणली. तुमच्या उसातली साखर त्याच सुमारास गाळल्या जाणाऱ्या बाकीच्या उसाशी ताडून पाहायची आणि हंगामाच्या चढउताराचा परिणाम काढून टाकायचा. हंगामाच्या सुरुवातीला किंवा शेवटी पाळी आली म्हणून कोणी मरू नये, एवढी सोय त्यात आहे. पाळी कारखान्याने ठरवायची तर पाळीचा तोटा उत्पादकाच्या माथी नको, हे तत्त्व त्यांनी सूत्रात बसवले. आपण ते तत्त्व अनुदानात बसवले आणि लाभार्थी चुकवला.

खरी अडचण विश्वासाची आहे. ज्या राज्यात काट्यावरच्या वजनावर भरवसा नाही, काटामारीच्या तक्रारींसाठी भरारी पथके नेमावी लागतात, तिथे साखरेची टक्केवारीही कारखान्याच्याच प्रयोगशाळेने ठरवायची म्हटली तर शेतकरी का मानेल? मानू नये. वजनावर निदान बाहेरच्या काट्यावर पडताळा घेता येतो. रसाचा पडताळा शेतकरी कुठे घेणार? त्यामुळे प्रत्येक खेपेची साखर तपासून दर, ही मागणी आज रेटण्यात अर्थ नाही. आधी तपासणारा कारखान्याच्या पगारावर नसला पाहिजे. ते होईल तेव्हा होईल.

पण वय मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. त्याला दोन तारखा लागतात. लागणीची आणि तोडणीची. पहिली नोंदवहीत आहे. दुसरी वजनपावतीवर आहे. अडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा हा प्रकार आणि वाण यांवरून कोणता ऊस कितव्या महिन्यात भरतो, हे कारखान्याला ठाऊक आहे. तोडणीचा कार्यक्रम त्यावरच आखतात, निदान कागदावर. मग वजनपावतीवर एकूण वजन, गाडीचे वजन, निव्वळ वजन आणि वजावट यांच्याखाली आणखी एक ओळ छापायला काय हरकत आहे? उसाचे वय, महिने इतके. कार्यक्रमाप्रमाणे तोडणी देय दिनांक अमुक. उशीर, दिवस इतके.

ही ओळ छापली की बऱ्याच गोष्टी उघड्यावर येतात. संचालकाच्या फडाचे वय किती आणि विरोधी गटातल्या सभासदाच्या फडाचे किती, ते दिसते. गेटकेन, म्हणजे बाहेरच्या क्षेत्रातला ऊस, कोणत्या दिवशी आला आणि सभासदाचा ऊस त्या दिवशी किती महिन्यांचा होता, ते दिसते. नोंदीवाचून ऊस उभा राहिला हा शेतकऱ्याचा दोष आणि नोंद असून उभा राहिला हा कारखान्याचा, हा फरक पावतीवर दिसतो. आजवर तो गावच्या चावडीवर दिसतो, कागदावर दिसत नाही. ओळ छापायला होणारा विरोध खर्चाचा नसेल, एवढे नक्की.

त्या ओळीपुढे आकडा लावायला पुन्हा समिती नको. शासनाने तो २०२२ मध्येच लावून ठेवला आहे. कार्यक्रमाच्या तारखेनंतर ठरावीक मुदत उलटली की पुढच्या प्रत्येक टनाला उशिराची भरपाई. ती एफआरपीच्या वर, शेतकऱ्याच्या खात्यात, चौदा दिवसांच्या त्याच नियमाने. भरपाई देताना कारखान्याने आधी स्वतःच्या खिशात हात घालावा. कारखान्याचा इलाज चालला नाही, ऊसच अमाप होता, तोडणीला टोळ्याच नव्हत्या, असे सिद्ध झाले तर शासनाने अनुदान द्यावे. पण ते टनाबरोबर रानापर्यंत जावे. फाटकाशी थांबू नये.

सगळ्या कारखान्यांना हे परवडेल का, असे विचारले जाईल. परवडणार नाही तो कारखाना गाळपक्षमतेपेक्षा जास्त उसाची नोंद करणार नाही, हा पहिला फायदा. आज जादा नोंद करायला काही पडत नाही. ऊस मिळाला तर गाळायचा, वेळेवर उचलता आला नाही तर तो रानात ठेवायचा. साठवणुकीचे भाडे शून्य आणि साठवणुकीतली नासाडी दुसऱ्याची. असे गोदाम फुकट मिळत असेल तर ते कोणीही वापरील. त्याला दर लागला की गाळपाचे नियोजन आपोआप सुधारेल. उसाचे वय काढता येते हे कारखान्यांना समजतेच. ते चुकल्याचे पैसे द्यावे लागतात, हे समजायचे राहिले आहे.

पुन्हा केव्हा तरी ऊस उदंड येईल. पाऊस चांगला झाला, धरणे भरली की येतोच. पुन्हा एप्रिलमध्ये फड उभे दिसतील आणि पुन्हा उतारा घट अनुदानाची फाइल हलेल. त्या फाइलवर सही करण्याआधी मंत्रिमंडळाने एक रकाना वाचावा, लाभार्थ्याचा. तिथे पुन्हा फक्त कारखाना लिहिलेला असेल तर फाइल परत पाठवावी.